शोभाताईचं कार्ड आन् माझा अंगठा

आमच्या कॅन्टीनमध्ये आम्ही बायका रोज अख्ख्या कंपनीच्या चपात्या करतो. हात गुंतलेले, तोंड मोकळं! मग किस्से साचणारच. सध्या सगळ्या गप्पा फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, दवाखान्याचं कार्ड. कुणाकडं कंपनीचं, कुणाकडं सरकारी. माझ्याकडं कुठलंच नाही. आणि माझा आरुष तीन वर्षांचा. रडला की जांघेत गाठ फुगते. हर्निया. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लांबवू नका." तेव्हापासून कुणाच्याही हातात कार्ड दिसलं की माझ्या पोटात दुखतं!

*

शोभाताई आमच्याच गावची, केंदूरची, पण कंपनीत पर्मनंट. पंख्याखाली बसून टोकन द्यायचं काम. गळ्यात कंपनीचं कार्ड, ते पण साडीच्या वरून! मागं तिचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं. आल्यावर आठवडाभर तेच पुराण.

"एसी रूम होती बाई! डॉक्टर म्हणले, आणखी दोन दिवस राहा."

मला आजवर "आणखी दोन दिवस राहा" असं फक्त आई म्हणाली. ते पण खुटबावला, माहेरी!

*

मंदामावशी आमच्यात सगळ्यात थोरली. तिला सरकारी कार्ड मिळालं तवा तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. रोज हळदकुंकू. मग तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, कार्ड घेऊन पळाली. दवाखान्यातलं मशीन काही केल्या ते कार्ड वाचेना. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मावशी, यावर हळदीचा थर बसलाय!"

मावशीनं पदराला थुंकी लावून घासघास घासलं, तवा कुठं लागलं. नवरा ठणठणीत घरी आला.

आम्ही हसलो. पण मी मनात म्हटलं, मला मिळू दे, मी तर आरतीपण करीन!

*

एकदा पिठाच्या परातीवरच वाद पेटला. मी म्हटलं, "सरकारनं समद्यांना एकच कार्ड द्यावं. पर्मनंट, कॉन्ट्रॅक्ट, काय बी असू दे."

"आमचं फुकट न्हाई," शोभाताई म्हणाली, "पगारातून कापत्यात."

"सरकारी दाखवलं की बेड फुल्ल," मंदामावशी म्हणाली. "नोटा दाखवल्या की बेड रिकामा!"

"तुझ्या नवऱ्याला मिळाला की," शोभाताई म्हणाली.

"मिळाला. पण आधी किती रडले मी!"

मला तर रडायला पण कार्ड नव्हतं.

*

मग मी खासगी पॉलिसीवाल्याला विचारलं. त्यानं आरुषची गाठ ऐकली आणि म्हणाला, "पॉलिसी देऊ की. पण या आजाराला दोन वर्षं वेटिंग."

म्हटलं, "बरं. आरुषला सांगते, दोन वर्षं रडू नको!"

*

शेवटी गावात सरकारी कार्डाचा कॅम्प लागला. नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही. आधारचा ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जायचा. म्हणून माझा अंगठा लागणार, मग माझं कार्ड, मग आरुषचं. मी अंगठा ठेवला. मशीन घेईना. पुसला, धुतला, परत ठेवला. न्हाईच!

ऑपरेटर म्हणाला, "ताई, रेषाच न्हाईत. काय काम करता?"

"तव्यावर चपात्या."

"चार-पाच दिवस तव्यापासून लांब राहा. रेषा येतील. पुढच्या सोमवारी परत कॅम्प हाय."

रेषा येतील, पण बुडालेल्या रोजाचे पैसे कोण देणार?

तेवढ्यात मागून शोभाताई आली. ठेवला अंगठा, टुंग! पहिल्या झटक्यात. कंपनीचं असून सरकारी पण! घरी जाऊन मी भाकरी अशी थापली की परात वाजली.

*

दुसऱ्या दिवशी शोभाताई सरळ तव्यापाशी आली.

"ऊठ. टोकन तू दे."

"का?"

"सुपरवायझरला सांगितलंय. ऊठ म्हणते ना!"

आठवडाभर मी पंख्याखाली, हाताला खोबरेल चोळत. ती तव्यावर. तिच्या चपात्या म्हंजे नुसते नकाशे! माणसं ओरडायची, "आज चपाती हाय का पापड?" खरं सांगू, मला लय बरं वाटायचं. पण पंख्याखाली बसून कळलं, ही बाई रोज किती गार वाऱ्यात असते! परत पोटात दुखलं.

सोमवारी सकाळी कॅम्पला गेले. अंगठा ठेवला, टुंग! माझं झालं, आरुषचं झालं. दोन्ही कार्डं ब्लाउजात खोचून मी पळत कंपनीचं गेट गाठलं.

गेटवर रांग खोळंबलेली. पुढं शोभाताई. पर्मनंटवाल्यांच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवतेय, मशीन लाल. पुसतेय, परत ठेवतेय, परत लाल. अंगठ्यावर टम्म फोड.

वॉचमन म्हणाला, "ताई, तुमचा तर कायम पहिल्या झटक्यात लागतो. काय केलं काय?"

शोभाताईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या ब्लाउजातून डोकावणाऱ्या कार्डांकडं बघितलं.

"चपात्या," ती म्हणाली.