तुम्ही कुठले?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी राज्यशास्त्र घेतलं खरं, पण राज्य आणि सरकार यांतला फरक काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. जयनगरातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी याच विषयात एम.ए. करत होती. मी तिला अक्का म्हणायचे. संध्याकाळी ती खाली येऊन मला शिकवायची. आमचं बोलणं कन्नडातच.

"सरकारं येतात नि जातात, राज्य राहतं," ती सांगायची. "आणि बळ वापरायचा हक्क फक्त राज्याचा. दुसऱ्या कुणी वापरलं तर तो गुन्हा."

त्या वर्षी कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. बस बंद, दुकानं बंद, तमिळ लोकांच्या घरांवर दगड. अक्का आणि तिचे आईवडील आमच्या मागच्या खोलीत येऊन बसले. अभ्यास करू म्हणून अक्कानं पुस्तक आणलं होतं; एकच पान उघडून ती त्याकडे बघत राहिली. माझा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

दुपारी काही माणसं फाटकाशी आली. "वर तमिळ राहतात ना?"

बाबा बेळगावला गेलेले. आईच पुढे झाली. "यारू इल्ल. इल्ली एल्ला नम्म मंदी." कुणी नाही, इथे सगळी आपलीच माणसं.

तिची बेळगावकडची कन्नड ऐकून एकानं मान वर केली. "तुम्ही कुठले?"

"बेळगावचे."

"म्हणजे मराठी?"

आईनं फाटकाची कडी धरली. मग म्हणाली, "हो. काय म्हणणं आहे?"

मागच्यानं त्याची बाही ओढली. माणसं पुढच्या गल्लीत शिरली.

"यांना विचारायचा अधिकार कुणी दिला?" मी आत येऊन फणफणले.

"कुणीच नाही," अक्का म्हणाली. "पण तुझ्या आईला उत्तर द्यावं लागलंच ना?"

शहर निवळलं, परीक्षाही झाली. अक्काचं कुटुंब वरच राहिलं. एकदा नागरिकत्वाचा धडा चालू असताना मी सहज विचारलं, "अक्का, तुला इथलं वाटतं का गं?"

"माझा जन्म याच शहरातला, बसवनगुडीतला," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं पुढे शिकवलं नाही.

आई मात्र बदलली. बाजारात मी मराठीत मोठ्यानं बोलले की ती माझं मनगट दाबायची. "स्वल्प हळू," म्हणायची, आणि आजूबाजूला बघायची.