पणजीचं नाव

माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परतलाच नाही. तो न्यूझीलंडला उतरला, एवढंच घरी माहीत होतं. मी नोकरीला ऑकलंडला आल्यापासून बाबा पुण्याहून म्हणायचे, "एकदा काकांचा शोध घे रे."

गेल्या वर्षी इथल्या जुन्या मृत्यूनोंदींत आमचं आडनाव सापडलं. मागवलेली प्रत मी पापाटोएटो स्टेशनवर ट्रेनची वाट पाहत असताना ईमेलवर आली. वय, काम, दफनाची जागा सगळं होतं. 'आई' या रकान्यात माहेरच्या आडनावासकट एक नाव होतं. स्पेलिंग वेडंवाकडं होतं, पण मोठ्याने वाचल्यावर कळलं.

पणजीचं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या दूर, परक्या माणसांत बाबांच्या काकांनी ते कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. ट्रेन आली आणि गेली, मी बसूनच राहिलो.

फोनवर नाव ऐकून बाबा म्हणाले, "पुन्हा म्हण."

त्या पितृपक्षात त्यांनी पहिल्यांदाच आपल्या आजीचं नाव घेऊन पाणी सोडलं.