धाकट्याच्या नावाची मूठ

"बठ्ठा उनात का?"

रोज दिवेलागणीला ओट्यावर उभं राहून अक्का हा प्रश्न घरात टाकायच्या. आतून कोणी "हो" म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. सगळे आले ना, हे गल्लीच्या टोकापर्यंत स्वतः बघून मगच कडी लागायची. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. मुलं, सुना, नातवंडं, दूधवाला, सगळ्यांच्या त्या अक्काच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिच्या धाकानं कुत्रीसुद्धा शहाण्यासारखी वागतात.

मी नाशिकहून लग्न होऊन इथे आले. त्यांची आणि आमची भिंत एक. माझ्या हातचं वरण चाखून त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "हाई वरण शे का पानी? नासिकनी पोर, तुले तिखट काय समजस!" पुढे मला टायफॉइड झाला, तेव्हा मी बरी होईपर्यंत दोन्ही वेळचं जेवण त्यांच्या घरून आलं. त्यात तिखटाचा कणही नसायचा.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, खानदेशातली कुळांची देवी, बसायची. त्याआधी गहू मोजायचा दिवस. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठभर गहू सुपात टाकायचा. त्या गव्हाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. ते घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. माझ्यासमोर रोट वाढले जात आणि मला चहा मिळे. "रागे भरू नको, तू बाहेरनी शे," असं हसून सांगत. मी कधी रागावले नाही.

एका वर्षी नेमका त्या दिवशी धाकटा मुलगा पिऊन आला. भाऊबंद जमलेले, अक्का सुपापाशी बसलेल्या. याआधीही त्यानं दोनदा घरची पिठाची गिरणी बंद ठेवून गोंधळ घातला होता. थोरल्या भावाचा तोल गेला. सगळ्यांदेखत तो ओरडला, "माय, याना नावनी मूठ टाकू नको! हाऊ आते आपला नही!"

खानदेशातल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. धाकट्याची उतरलीच असावी. त्यानं आईकडे पाहिलं. अक्का गांगरल्या होत्या, हात गव्हात तसाच राहिला होता. तो पायांत चपला अडकवून निघाला आणि सुरतच्या गाडीत बसला, असं नंतर कळलं. अक्कांनी मूठ टाकली, पण तोवर तो गल्लीबाहेर पडला होता.

तो पुन्हा आला नाही. थोरला शोधायला सुरतला जाऊन आला, लूमच्या कारखान्यांत विचारून आला. फोन लागत नव्हता. अक्कांच्या रोजच्या दिवेलागणीच्या प्रश्नाला मग घरातून कोणी उत्तर देईनासं झालं. अक्कांनी विचारणं काही सोडलं नाही.

दर श्रावणात त्याच्या नावाची मूठ पडायचीच. सून एकदा भीत भीत म्हणाली, "अक्का, तेना रोट कोन खाई?"

"तेना वाटाना मी खासू," अक्का म्हणाल्या. "मूठ थांबाडी तर मीच तेले मारा आसं व्हई."

आणि खरंच खायच्या. दात नव्हते, साखर वाढलेली. वाळून कडक झालेला रोट दुधात भिजवून, पौर्णिमेच्या भीतीनं घाईघाईनं गिळायच्या. बघवत नसे. मला थोरल्याचा फार राग यायचा. आता येत नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तरी गहू मोजायच्या दिवशी त्यांना उचलून सुपापाशी बसवलं. बाकीच्यांच्या मुठी सुनेनं टाकल्या. धाकट्याची वेळ आली तेव्हा अक्कांनी डाव्या हातानं तिला अडवलं. निकामी उजवा हात डाव्यानं उचलून गव्हात घातला आणि स्वतःच मूठ भरायचा प्रयत्न करू लागल्या. बोटं मिटेनात, गहू निसटून मांडीवर पडत राहिला. तोंडातून नुसता घुसमटलेला आवाज येत होता. शेवटी त्यांनी थोरल्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात गव्हात दाबला.

त्यानं मूठ भरली. अक्का त्याच्या ओठांकडे बघत होत्या, नाव घे म्हणून. त्याला ते उच्चारायला किती वेळ लागला! नाव घेतलं आणि सुपावरच डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला.

अक्का पौष महिन्यात गेल्या. धाकट्याला कळवायचं तर कुठे कळवणार? दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. थोरल्यानं घाटावर हात जोडून धाकट्याचं नाव घेतलं, त्याला शोधेन म्हणून शब्द दिला, तरी कावळा फिरकला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून विधी आटोपला.

यंदा दुखवट्यामुळे कानबाई बसली नाही. गहू मोजायचा होता त्या दिवशी थोरला आमच्याकडे आला. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

"वहिनी," तो म्हणाला, "इतला वरीस तो येत नही म्हनीसन जीव जाये. आते तो यी, याना भेव वाटस. दारमा उभा ऱ्हाईसन 'माय कोठे शे' म्हनी, तर मी तेले काय सांगू?"

मी त्याच्यासमोरचा गार कप उचलला. तेवढ्यात गल्लीत कुणाची तरी पावलं वाजली, आणि तो दचकून उठून उभा राहिला.