हळू सर

त्या दिवशी जमाव कॉलेजात शिरला. सरांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं. "हळू चाला," ते म्हणाले. जमावाने त्यांना मारलं.

पोरं त्यांना 'हळू सर' म्हणायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यांच्या हाताखाली होते. महामार्गावरच्या द्वारका चौकाकडून ट्रक आले की आमच्या काचा थरथरायच्या, म्हणून सरांनी स्फटिकाची बरणी वाळूच्या घमेल्यात आणि घमेलं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवलं होतं. चपला बाहेर काढाव्या लागत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "देवळात काढता ना? इथे तर देव अजून घडतोय."

बरणीत पिवळसर द्रावण असे. "डांबराच्या गोळीचा चुलतभाऊ आहे हा," सर सांगत. "पण ह्याच्यातून वीज जाऊ शकते. उद्या टीव्हीचा पडदा घडी करून पिशवीत टाकाल."

"मग रिमोट कुठे ठेवायचा, सर?"

"तुझ्या डोक्यात. जागा आहे."

द्रावण सावकाश उडून गेलं की रेणू शेजारी शेजारी बसत जातात. मध्येच धक्का बसला तर एका स्फटिकाऐवजी तळाशी चुरा पडतो. वीज मोजायला नखाएवढा, बिनडागी स्फटिक हवा होता. तो सरांना कधी साधला नव्हता.

बिघडलेले स्फटिक ते स्वतः मोडत. दाढीचं पातं टेकवायचं आणि वरून एक ठोका. "डोळे मिटू नकोस गं. कुठून तुटतो ते बघ. त्यावरून आत कसे बसलेत ते कळतं." एरवी चमचासुद्धा जपून ठेवणारा हा माणूस मोडताना इतका रंगून जाई, की मला थोडी भीती वाटे.

त्यांचे वडील मखमलाबादकडे गुलाब लावायचे आणि घरातल्या सगळ्यांना मारायचे. "आमच्याकडे सकाळ चहाने व्हायची नाही, भांडं आपटण्याने व्हायची," सर एकदाच बोलले. ते का बोलले, तेही सांगते. एका मुलाने मुद्दाम दार आपटलं. सरांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर असा दाबला, की त्याचे पाय जमिनीवरून सुटले. मग एकदम सोडून दिला, आणि कितीतरी वेळ उजवा हात नळाखाली धरून उभे राहिले. "हा हात वडिलांचा आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या मुलासाठी गुलाबाचं रोप घेऊन आले. मुलाला काय करावं कळेना.

त्या हिवाळ्यात स्फटिक नीट वाढत होता. सर श्वासही बेताने घेत होते. तेवढ्यात पंचवटीत दोन टोळक्यांची मारामारी झाली, आणि एक टोळकं दुसऱ्यातल्या एका मुलाला शोधत कॉलेजात घुसलं. हातांत हॉकी स्टिक, सायकलच्या चेनी. खालच्या मजल्यावर काचा फुटत होत्या, कोणीतरी आईला हाका मारत होतं. आमचे शिपाई दगूमामा नामपूरचे. त्यांनी दाराला बाक लावला होता.

जिन्यावर पावलं धडधडली. बरणीतल्या द्रावणावर वलयं उठली. सर उठले आणि बाक सरकवू लागले.

"सर, उघडू नका. त्यासनं डोकं फिरेल शे."

"त्यांना माहीत नाही म्हणून पळतायत, मामा. सांगितलं की ऐकतील."

ते खरंच तसं मानत होते. ओठांवर बोट ठेवून ते दारात उभे राहिले. "अरे, हळू चाला. आत स्फटिक वाढतोय."

"हा कोण रे येडा?" एक जण हसला. पहिला फटका त्या बोटावर बसला, दुसरा डोक्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सर पडल्यावर ते त्यांना ओलांडून आत आले. तराजू, बाटल्या, बरणी, हाताला लागेल ते फोडलं. दगूमामा सरांवर पालथे पडले होते. त्यांच्या पाठीवर चेन बसत होती. ज्याला शोधत होते तो मुलगा तिथे नव्हताच.

इस्पितळात सरांचा एकच डोळा उघडत होता.

"बरणी?"

"फुटली."

त्यांनी विचारलं, "कुठून तुटला?"

ओल्या वाळूतून वेचलेले तुकडे मी फिल्मरोलच्या डबीत आणले होते. त्यांच्या डोळ्यापुढे भिंग धरलं.

"सरळ तुटलाय," ते म्हणाले. "आत नीट बसला होता."

त्या रात्रीनंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

खटल्यात मी आणि दगूमामा साक्षीला उभे राहिलो. आरोपी सुटले. दगूमामांना पाठीवर झोपता येत नसे.

रेणूंची रचना पाहायला मोहरीएवढा तुकडा पुरतो. आम्ही तो बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवला. रचना कळली आणि शोधपत्रिकेत सरांच्या नावापुढे मृत्यूची खूण घालून छापून आली. वीज मोजण्याएवढा स्फटिक मात्र उरला नव्हता. तो वाढवायला मी दर हिवाळ्यात बरणी लावते. अजून चुराच पडतो.