कोठारावरचं कडं

एवढासा आपला लिथुआनिया, पण सदतीस साली बास्केटबॉलमध्ये युरोपात पहिला आला आणि गावंच्या गावं वेडी झाली! किप्रास लोहारानं त्याच आठवड्यात पिंपाच्या पट्टीचं कडं केलं आणि गवताच्या कोठाराच्या दारावर ठोकलं. किती उंच? भरलेली गाडी खालून सुखानं आत जाईल एवढं. दुसरं माप त्याला सुचलंच नाही. त्याची लेक दांगुओले वर्षभर तिथंच चेंडू टाकत राहिली. दहातले नऊ आत.

पुढच्या जूनमध्ये कौनास शहरात मुलींच्या संघाची निवड होती, प्रत्येकीला दहा चेंडू. तिथं पाऊल टाकताच किप्रासची नजर कड्यावर गेली. इथलं कडं त्याच्या कड्यापेक्षा चांगलं वीतभर खाली! लोहाराची नजर ती, चुकते कसली? सांगावं तर पोरगी बिथरेल, न सांगावं तर... तो नुसता टोपी पिळत उभा.

दांगुओलेचा पहिला चेंडू कड्यावरून पलीकडे गेला. दुसराही. सातवा गेला तेव्हा त्याला राहवेना.

"दांगू, कडं खाली आहे गं! चूक माझी!"

सगळे हसले. "काका, कडं जगभर एवढंच असतं," निवड करणारे शिक्षक म्हणाले. उरलेल्या तिनातले दोन आत गेले. "यंदा नको, पुढच्या जूनला आणा हिला," शिक्षकांनी सांगितलं.

घरी येताच अंगावरचे चांगले कपडेही न बदलता त्यानं शिडी लावली.

"अहो, उद्या गवत आणायचंय!" बायको वेरूते ओरडली. "गाडी आत कशी जाणार?"

"अर्धी भरू."

"म्हणजे दुप्पट फेऱ्या? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यानं कडं वीतभर खाली ठोकलंच. दुसऱ्या दिवशी तिघं ऊर फुटेस्तोवर राबली, तरी शेवटच्या दोन गाड्या पावसात सापडल्या. वेरूतेला रडू कोसळलं.

"हिवाळ्यात गाईंना काय चेंडू घालू?"

दांगुओलेनं मुकाट्यानं चेंडू उचलून टाकला. तो पुन्हा कड्यावरूनच गेला. हाताला जुनीच सवय. तिचा चेहरा एवढासा झाला.

"बाबा, चढवा ते परत वर. माझ्यापायी गवत नासायला नको."

मनातून किप्रासही हादरला होता. त्यानं शिडी आडवी घातली, कुऱ्हाड आणली आणि दोन घावांत तिचे तुकडे केले.

"आता शिडीच नाही," तो धापा टाकत म्हणाला. "टाक."