पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं

ओस्टरफेन गावातल्या जुन्या डेअरीत दर मंगळवारी दुपारी सिनेमा लागतो. जिथे लोणी घुसळायची यंत्रं होती तिथे आता खुर्च्या आहेत आणि दुधाचे कॅन धुवायच्या जागेवर कॉफीचं टेबल आहे. त्या टेबलामागे फेम्मी उभी असायची. उभा जन्म बेकरीच्या काउंटरवर गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरी बसणं काही तिला जमलं नाही. कुणाला बिनदुधाची, कुणाला साखर थोडी जास्त, कोण बिस्किट घेऊन नातवासाठी खिशात टाकणार, सगळं तिला पाठ होतं. तरी गेल्या दोन वर्षांत ती प्रत्येकाला विचारायला लागली होती, "दूध घालू का?" माहीत असायचं, पण आपल्याला माहीत आहे यावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

फेम्मी विसरायला लागली आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानेच सांगितलं होतं. लामर्ट पूर्वी विम्याचं काम करायचा. आवाज मऊ, केस नीट विंचरलेले, कुणाशी कधी भांडण नाही. मान जरा तिरकी करून तो अगदी मायेने सांगायचा, "तिला काही म्हणू नका हं. बिचारीला कळत नाही." सायकलची किल्ली हरवली तर ती फ्रिजमधे अंड्यांच्या खणात सापडायची. मंद आचेवर ठेवलेले बटाटे करपून कोळसा व्हायचे. फेम्मी रडकुंडीला यायची. मग लामर्ट तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "असू दे गं. मी आहे ना." त्या हाताखाली तिला हायसं वाटायचं, आणि आपण या माणसाला किती त्रास देतो म्हणून लाज वाटायची.

समोरच्या खोलीचे पडदेही त्यानेच ओढून घेतले होते. "तुझी ही अवस्था लोकांना कशाला दाखवायची?" ओस्टरफेनमधे पडदे कुणी ओढत नाही. दिवा लागलेला असतो, खिडकीत कुंड्या असतात, येणारा जाणारा आत एक नजर टाकतो आणि न थांबता पुढे जातो. त्या ओळीत एकच खिडकी दोन वर्षं भिंतीसारखी बंद होती.

आता गुरुवारी डॉक्टरकडे जायचं होतं. तिच्या वतीने लामर्ट बोलणार होता. जंगलाच्या कडेला एक घर त्याने बघून ठेवलं होतं, शेजार नाही, रस्ता नाही, अगदी शांत. तिला काही समजत नाही असं डॉक्टरांनी एकदा लिहून दिलं की फेम्मीने काही ठरवायचा प्रश्नच उरणार नव्हता. ती घाबरली होती, पण लामर्टला नाही. ती स्वतःच्या डोक्याला घाबरत होती. गॅसचं बटण बंद केलं की ती आपल्याच हाताकडे बघत राहायची, यानेच केलं ना, म्हणून.

त्या मंगळवारी वारा बोचरा होता आणि भुरभुर पाऊस. फेम्मी हिरवा कोट घालून आली. त्याचं वरचं बटण तुटलं होतं, तिथे तिने घरात होतं ते नारिंगी बटण लावलं होतं.

"हे काय गं, गाजर लावून आलीस?" डिनी हसली. डिनी म्हणजे सिनेमाघराची कर्तीधर्ती, आवाज असा की माइक लागत नाही.

"आण तो इकडे, निथळतोय," होविंग मास्तर म्हणाले. मास्तर उंचेपुरे, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवलेले. बाहेरच्या दाराजवळच्या वरच्या खुंटीवर त्यांनी कोट टांगला आणि फेम्मी कॉफीच्या तयारीला लागली.

सिनेमा आपल्याच देशातला, नवीन. जाहिरातीत लिहिलं होतं की मनाचा थरकाप उडेल. दिवे गेल्यावर फेम्मी नेहमीसारखी मागच्या दाराशी उभी राहिली. समुद्राकाठचं घर, त्यात एक बाई आणि तिचा देखणा नवरा. बाईचा चष्मा हरवतो. ती सगळं घर उलथंपालथं करते. नवऱ्याला तो ब्रेडच्या डब्यात सापडतो. तो तिला जवळ घेतो आणि म्हणतो, "असू दे गं. मी आहे ना."

प्रेक्षागृहात खसखस पिकली. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "झालं, यानेच लपवला."

 लोक का हसले ते फेम्मीला कळेना. पडद्यावरच्या बाईचे डोळे पाण्याने भरले होते, नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर होता, बोटं हलकेच थोपटत होती. तशीच. फेम्मीने आपला खांदा धरला. मग बाईच्या हातून कढई करपली. मग नवरा शेजाऱ्यांना हळू आवाजात काही सांगू लागला, मान जरा तिरकी करून.  दार उघडून बाहेर जावं असं फेम्मीला वाटलं, पण नजर पडद्यावरून हलेना.

मध्यांतर झालं. लोक कॉफीच्या टेबलाशी जमले आणि प्रत्येकाला बोलायची घाई.

"पैसे परत द्या डिनी, मी तर पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं!"

"दहा कशाला, त्याचे केस बघूनच कळलं. इतके नीट केस असलेला माणूस सिनेमात कधी चांगला असतो का?"

"आता बघा हं," होविंग मास्तर कप हातात घेऊन म्हणाले, "आता तो तिला डॉक्टरकडे नेणार. तिला बोलू देणार नाही. मग कुठेतरी लांब घेऊन जाणार, जिथे कुणी नसेल."

"आणि मग?" फेम्मीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक निघाला की मास्तरांनी कान पुढे केला. "मग काय होतं, मास्तर?"

"मग काय होणार? जिन्यावरून पडली म्हणून सांगतील. नाहीतर गॅस चालू राहिला म्हणून. विसराळू बाई, कुणाला संशय येतोय?"

सगळे हसले. फेम्मी कप भरत राहिली. कुणाच्या कॉफीत दूध घालायचं तिने एकालाही विचारलं नाही. ज्याला त्याला हवी तशी कॉफी मिळाली आणि कुणाचीही तक्रार आली नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिला फक्त गुरुवार दिसत होता.

दुसरा भाग तिने दाराच्या चौकटीला पाठ घट्ट टेकवून पाहिला. मास्तर बोलले तसंच सगळं होत गेलं. डॉक्टर. लांबचं घर. उंच, काळोखा जिना. प्रत्येक वेळी खुर्च्यांतून "बघा, म्हटलं नव्हतं?" असं ऐकू यायचं आणि प्रत्येक वेळी फेम्मीला वाटायचं, हे लोक माझंच भविष्य वाचतायत, तेही बिस्किटं खात. जिन्याच्या टोकाशी ती बाई उभी होती आणि मागून पावलं वाजत होती. फेम्मीने डोळे मिटले. शेवट तिने पाहिलाच नाही.

दिवे लागले. सिनेमा संपल्यावर बाहेर कॉफीच्या दालनात टेबलांभोवती बसून मतं सांगायची, ही ओस्टरफेनची रीत. इथे कुणी भीड ठेवत नाही.

"पाचात दोन तारे," डिनीने सुरुवात केली. "तो दुसरा तारासुद्धा समुद्र छान दाखवला म्हणून."

"मला ती बाईच पटली नाही," एक बाई म्हणाली. "इतकं ढळढळीत दिसतंय आणि हिला कळत नाही? मूर्ख आहे का ती?"

"तिला कसं कळणार?" फेम्मी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. फेम्मी कॉफी देते, मत देत नाही. ती बोलत राहिली. "तुम्हाला तो चष्मा लपवताना दिसतो. तिला दिसत नाही. तिला फक्त तो शोधून काढताना दिसतो. आणि शोधून देतो तेव्हा तो किती चांगला वागतो." तिने श्वास घेतला. "तिने काय करायला हवं होतं? सांगा ना मला. तुम्हाला सगळं आधीच कळत होतं."

कुणीच हसलं नाही. होविंग मास्तरांनी कप खाली ठेवला. "कुणालातरी सांगायला हवं होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि त्या घरी परत जायचं नाही. काही राहिलं असलं तरी आणायला जायचं नाही."

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि गार वारा आत आला. लामर्ट आला होता. केस नीट, चेहऱ्यावर थकलेलं, प्रेमळ हसू, आणि हातात हिरवा कोट.

"नमस्कार मंडळी. आमच्या बाईसाहेब आज बिनकोटाच्या आल्या. एवढ्या थंडीत! घरी खुर्चीवर तसाच पडला होता." त्याने मान तिरकी केली. "आता तुम्हीच बघताय."

फेम्मीने वरच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.  एक क्षण तिला खरंच वाटलं की आपण कोट न घालताच आलो. मास्तरांनी कोट टांगला, डिनी हसली, ते सगळं आपल्या डोक्यातलंच. जमीन पायाखालून सरकते म्हणजे काय ते तिला कळलं. खुंटीखाली फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळं अजून ओलं होतं. तिची नजर त्यावर गेली आणि तिथेच खिळली.

लामर्टने जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गं," तो म्हणाला. "मी आहे ना."

टेबलांभोवतीच्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

लामर्ट गोंधळला. त्याने आजूबाजूला पाहिलं. त्याने सिनेमा पाहिला नव्हता. बाकी सगळ्यांनी पाहिला होता.

"चल," तो म्हणाला आणि कोट उघडून धरला. सवयीने फेम्मीचे हात वर आले. बाह्यांच्या तोंडाशी येऊन ते थांबले.

"कोट मी टांगला होता, लामर्ट." होविंग मास्तर उभे राहिले होते. "या हाताने. निथळत होता."

"आणि त्या बटणावरून मी तिला चिडवलं," डिनी म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज लहान होता.

"मास्तर, तुमचंही वय झालं," लामर्ट हसत म्हणाला. "फेम्मी, सांग बरं यांना."

खांद्यावरची बोटं जरा जास्त रुतली. फेम्मीने हात खाली घेतले. "मी कोट घालून आले होते," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मागे 'बहुतेक' लावलं नाही. "मी घरी येत नाही."

लामर्टचं हसू जागेवरच राहिलं, डोळे मात्र बदलले. ते डोळे तिने याआधी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांची भीती तिला पुढे कितीतरी दिवस पुरली. त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. एकानेही मान हलवली नाही. मग कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवून तो निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

डिनीने दाराला आतून कडी घातली. "आज माझ्याकडे राहायचं. आणि गुरुवारी डॉक्टरकडे तुझ्याबरोबर मी येणार. बोलायचं तू, मी फक्त शेजारी बसेन."

फेम्मीने मान डोलावली. तिने सगळ्यांकडे पाहिलं. भेदरलेले चेहरे होते, शरमलेले होते. पण आश्चर्य एकाच्याही चेहऱ्यावर नव्हतं. 

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मास्तरांनी नजर खाली वळवली.

"डिनी, कधीपासून?"

डिनी टेबलावरचे बिस्किटांचे तुकडे बोटाने गोळा करत राहिली. "पडदे बंद झाले तेव्हापासून," ती म्हणाली.