हुंकाऱ्याचं पान

"मॅडम, तुमच्या पानावर नुसता कचरा साठलाय," मुख्य कार्यालयातले वेबसाइटवाले साहेब फोनवर म्हणाले. "एकेका गोष्टीखाली ढीगभर कॉमेंट्स आणि सगळ्यांत एकच शब्द, 'हं'. बंद करतोय मी ते."



नाशिकच्या सरकारी रेडिओत मी युवकांचे कार्यक्रम करायचे. सुरगाण्याची संगीता, कॉलेजातली पोर, आमच्याकडे एक लांबलचक गोष्ट भागाभागांनी सांगत होती. प्रसारण झालं की तो भाग आम्ही साइटवर टाकायचो. सुरगाण्याकडून नाशिकला शिकायला आलेली पोरं इथल्या द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत एका हेडफोनला दोघंदोघं चिकटून ऐकायची आणि खाली 'हं' टाइप करायची.

"सर, तो हुंकारा आहे," मी म्हटलं. "गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो."

"फीडबॅक म्हणजे सूचना किंवा तक्रार. हे त्यात कुठे बसतं? आणि सर्व्हरवर जागा नाही."

मी लेखी विनंती केली, मग स्मरणपत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. गोष्टी साइटवर राहिल्या, खालची लिहायची जागा गेली.

पुढच्या रेकॉर्डिंगला संगीता आली ती कॅफेत डोकावूनच; तिथे पोरं नव्हती. चेहरा उतरलेला. स्टुडिओचा लाल दिवा लागला. गोष्टीतली मुलगी तेव्हा पुराच्या नदीत मधोमध होती. संगीता दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. काचेच्या अलीकडे आमच्यासाठी टॉकबॅक असतो, त्यात बोललेलं आत ऐकू जातं. न राहवून मी त्यावर "हं" म्हटलं.

"तुम्ही नका म्हनू, मॅडम," ती म्हणाली. "तुमचा पगारी हुंकारा हाय. ती पोरं मनापासून म्हनायची. आता कोनाला सांगू?"

मी दिवा बंद केला.

द्राक्षांच्या हंगामात ती गावच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे कामाला गेली, ती परत आली नाही. तिच्या वेळेत आम्ही सिनेमाची गाणी लावली. वर्षअखेरीस त्याच साहेबांनी विचारलं, 'युवकांचा ऑनलाइन सहभाग का घटला? कारणे कळवा.' मी कळवली. फाइलला लागली.

तरुणांना व्यासपीठ द्या, अशी भाषणं मी नोकरीत भरपूर ऐकली. व्यासपीठ आमच्याकडे होतंच. ऐकणारे आम्ही पुसून टाकले.

निवृत्तीच्या दिवशी मी साइट उघडून बघितली. शेवटचा भाग तसाच होता. मुलगी अजून नदीतच होती.